तपासायचे बाकी

आमच्या घरचा कॉम्प्युटर जुना आहे, टेबलाखाली मोठा डबा असलेला. मुलीने नोकरी लागल्यावर लॅपटॉप घेतला आणि हा आमच्याकडे राहिला. माझं त्यावर फारसं काम नसतं. विजेचं बिल, सोसायटीची पत्रं, जुलैमध्ये आयकराचं विवरण, एवढंच. खरा वापर बायकोचा. ती अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करते. धायरीच्या आमच्या फ्लॅटमध्ये मागची खोली त्यातल्या त्यात शांत, म्हणून कॉम्प्युटर तिथे. वाचन चालू असताना पंखा बंद करायचा आणि कुकर लावायचा नाही, हे घरात ठरलेलं.

गेल्या वर्षी तिच्याकडे एक मुलगी आली. वर्ध्याकडची, वाघोलीला एका कॉलेजात अर्थशास्त्र घेऊन शेवटच्या वर्षाला. जन्मापासून दिसत नाही. तिचा फोन तिला इंग्रजी वाचून दाखवतो, साधं मराठीही वाचतो. पण हे पुस्तक छापील मराठी, त्यात पानोपानी तक्ते आणि आलेख. त्याची पानं स्कॅन करून फोनला दिली की फोन नुसतं ‘चित्र’ म्हणतो आणि गप्प बसतो. आधीच्या सत्रात याच विषयात ती नापास झाली होती. आता हा पेपर सुटला नाही, तर वर्ष जाणार आणि घरचे तिला परत बोलावून घेणार. हे तिने पहिल्याच भेटीत सांगितलं, रडगाणं न लावता, चहा घेता घेता.

बायकोने पुस्तक वाचायला घेतलं आणि तिसऱ्या धड्यात अडली. मजकूर वाचणं सोपं असतं. तक्ता कसा वाचायचा? आडवा वाचला तर डोक्यात उभा उरत नाही, उभा वाचला तर वर्षं कुठली ते विसरायला होतं. मी एका कारखान्याच्या हिशेब खात्यात आयुष्य काढलेला माणूस. तिने मला हाक मारली, ‘अहो, हे तुमचं खातं आहे, या इकडे.’ तेव्हापासून तक्ते आणि आलेख माझ्याकडे आले. कधी मी वाचायचो, कधी ती वाचायची आणि मी शेजारी पुस्तकावर बोट ठेवून बसायचो. चुकलं की ती फाइल काढून टाकायची, पुन्हा पहिल्यापासून.

यात मी एक शिस्त घातली. वाचून झालेलं कुठलंही प्रकरण मी पुस्तक समोर ठेवून ऐकल्याशिवाय त्या मुलीला पाठवायचं नाही. आकडा चुकीचा गेला, तर ती चुकीचाच पाठ करणार. तिला पडताळून पाहायला दुसरं साधन नाही. हे म्हणणं आजही मला बरोबर वाटतं. बायको वाचून झालेल्या फाइली डेस्कटॉपवर ‘तपासायचे बाकी’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकायची. मी तपासून त्या डी ड्राइव्हमध्ये हलवायचो आणि मग त्या वाघोलीला जायच्या. पहिला अर्धा भाग असा गेला. दुसरा अर्धा वाचून झाला, पण मार्चअखेर होती. मार्चमध्ये हिशेब खात्यातला माणूस घरी फक्त जेवायला येतो. फोल्डर भरत राहिलं.

‘थोडं थोडं पाठवू का तिला? विचारत होती,’ बायको म्हणाली होती.

‘न तपासता? आकडे आहेत त्यात.’

‘तुम्ही तपासेपर्यंत आकडे जुने होतील.’

मी हसण्यावारी नेलं.

एप्रिलच्या सुरुवातीला एका सकाळी कॉम्प्युटर अपडेट घेत होता आणि वीज गेली. आमच्याकडे वीज जाणं यात बातमी काही नाही. ती आल्यावर बटण दाबलं. कंपनीचं चिन्ह आलं, खाली ठिपके गोल फिरू लागले, मग निळा पडदा, त्यावर उदास तोंडाचं चित्र, आणि आपोआप पुन्हा पहिल्यापासून. तो बंद पडत नव्हता आणि चालूही होत नव्हता. चिन्ह, ठिपके, निळा पडदा.

मी घाईचा माणूस नाही. आधी पेन ड्राइव्ह, प्रिंटर, सगळं बाहेरचं काढलं. नाही. सुरू होताना मध्येच बंद करून दुरुस्तीचा पडदा आणला. त्याने ‘दुरुस्ती चालू आहे’ म्हणत बराच वेळ घेतला आणि शेवटी जमलं नाही असं कळवलं. अगदी गरजेपुरतं चालू करायचा एक प्रकार असतो, सेफ मोड. तोही निळ्या पडद्यातच जाऊन अडकला. नवा अपडेट काढून टाकायला सांगितला, तर तो निघेना. एका वेळी एकच गोष्ट करायची आणि काय झालं ते पाहायचं, या रीतीने सगळं केलं. मग डबा उचलून कोपऱ्यावरच्या दुकानात नेला.

दुकानदार माझ्याच वयाचा. त्याने डबा उघडला, तपासला आणि सांगितलं, ‘हार्ड डिस्क ठीक आहे. विंडोज गेलंय. नवीन टाकावं लागेल. सीमध्ये काही आहे का? उडणार सगळं.’

‘नाही. माझं सगळं डीमध्ये असतं.’

‘नक्की?’

‘नक्की,’ मी म्हणालो. इतक्या खात्रीने म्हणालो की त्याने पुन्हा विचारलं नाही.

ज्यांच्या घरी असे डबे आले, त्या पिढीला हे सी आणि डी पाठ आहे. सी मशीनचा, डी आपला. मशीन बिघडलं की सी पुसायचा. डीला हात लागत नाही. मी बायकोला, मुलीला, ऑफिसातल्या नव्या पोरांना हेच शिकवलं. डेस्कटॉप कुठे असतो, हा प्रश्न मात्र मला कधी पडला नव्हता. तो समोर दिसतो, टेबलासारखा. टेबलावर ठेवलेली वस्तू कुठल्या कपाटात आहे असं कोण विचारतं? पण डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्हमधलंच एक फोल्डर असतं, आणि त्यावर ठेवलेलं सगळं सीबरोबर जातं.

डबा घरी आला, सुरू झाला, आधीपेक्षा जलद. मी समाधानाने बायकोला बोलावलं. तिने पडद्याकडे पाहिलं. निळी खिडकी आणि कोपऱ्यात कचऱ्याचा डबा.

‘अहो, माझं फोल्डर?’

‘डीमध्ये असेल.’

‘डीमध्ये तुम्ही तपासलेलं असतं. माझं इथे होतं. समोर.’

आता कुठे मला कळलं. मी डी उघडला, सी उघडला, शोधाच्या चौकटीत नाव टाकलं. ती मागे उभी होती. मला काही सापडत नाही हे तिने पाहिलं. मग म्हणाली, ‘तुम्ही तपासणार होतात ना? तपासा आता.’

मी गेलेल्या फाइली परत आणणारं सॉफ्टवेअर इंटरनेटवर शोधू लागलो. एक सापडलं, उतरवून घ्यायचं बटण दाबणार, तेवढ्यात सुचलं म्हणून दुकानदाराला फोन लावला. तो जवळजवळ ओरडला. ‘काही उतरवून घेऊ नका! आधी बंद करा. तार काढा भिंतीतून.’ मी तार काढली. मग तो शांतपणे म्हणाला, ‘पुसलं म्हणजे फक्त कुठे काय आहे याची नोंद गेलीय. माल अजून तिथेच पडून असेल. पण नवीन विंडोज त्यातल्या काहीवर बसलंय. तुम्ही आणखी टाकाल ते आणखी काहीवर बसेल. घेऊन या.’ आणि पुढे, ‘मी विचारलं होतं तुम्हाला.’

‘विचारलं होतं,’ मी म्हणालो.

त्याने हार्ड डिस्क काढून आपल्या कॉम्प्युटरला जोडली आणि शोध लावून दिला. एका दिवसाने या म्हणाला. इकडे बायकोने त्या मुलीला फोन केला. मी समोर बसलो होतो, फोन स्पीकरवर होता. बायकोने सगळं सांगितलं, मुलीने ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, ‘होय का.’ आणि लगेच, ‘पेपर पुढल्या आठवड्यात आहे ना जी काकू.’ तक्रारीचा सूर नव्हता. आम्ही विसरलो असू, म्हणून आठवण दिल्यासारखं बोलली.

बायकोने त्याच दुपारी फोनवर ध्वनिमुद्रण सुरू करून राहिलेला भाग पुन्हा वाचायला घेतला. संध्याकाळपर्यंत तिचा घसा बसला. दोन महिन्यांत वाचलेलं आठवड्यात वाचून होणार नाही, हे मला भागाकार न करताही दिसत होतं. तिलाही दिसत होतं, पण ती मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करून पुन्हा बसली. मी वाचू का म्हटलं, तर म्हणाली, ‘तुम्ही वाचलंत की तिला झोप येते. तिनेच सांगितलंय.’

दुकानदाराने परत मिळालेलं सगळं एका पेन ड्राइव्हवर दिलं. बरंच काही परत आलं होतं. पण एकाही फाइलला नाव नव्हतं. ‘प्रकरण सात, तक्ता दोन’ असं बायकोने काळजीने लिहिलेलं सगळं गेलं होतं. त्या जागी नुसते लांबलचक क्रमांक, आणि त्या क्रमांकांना पुस्तकाच्या क्रमाशी काही देणंघेणं नव्हतं. पहिली उघडली तर नवव्या प्रकरणाचा शेवट. दुसरीत बायको एक वाक्य म्हणते आणि खोकते. तिसरी मध्येच तुटते. चौथीत पुन्हा तेच पहिलं वाक्य. तेव्हा ध्यानात आलं की जे चुकलं म्हणून आम्ही स्वतः काढून टाकलं होतं, तेही सगळं परत आलं आहे. शोधणाऱ्या यंत्राला हवं काय आणि नको काय यातला फरक कुठून कळणार?

म्हणजे आता प्रत्येक तक्त्याच्या दोन-तीन फाइली होत्या, त्यातली एक बरोबर. कुठली, ते पुस्तक घेऊन ऐकल्याशिवाय सांगता येणार नव्हतं. मी रजा टाकली आणि ऐकायला बसलो. दुपारपर्यंत माझं एक प्रकरणही लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी स्वतःच आली. वाघोलीहून निघून मनपाच्या बसस्थानकावर बस बदलून, शहराच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत, हातात पांढरी काठी. बायको तिला थांब्यावरून घेऊन आली. पाणी प्यायली आणि म्हणाली, ‘काका, तुम्ही मला सगळंच देऊन टाका.’

‘अगं, त्यात चुकीचं आहे. आम्हीच काढून टाकलेलं.’

‘राहू द्या. मी बघते.’

‘तुला कसं कळणार बरोबर कुठलं?’

‘आणि तुमचं तपासून होईस्तोवर माझा पेपर होऊन जाईल, मग काय करू?’

बायकोने माझ्याकडे पाहिलंही नाही. तिने खुर्ची ओढून मुलीला कॉम्प्युटरसमोर बसवलं.

त्या मुलीने फाइल कशी उघडायची, पुढची कशी घ्यायची ते एकदा विचारून घेतलं आणि आवाजाचा वेग वाढवला. मग आणखी वाढवला. बायकोचा आवाज चिमण्यांच्या कलकलाटासारखा झाला. मला एक शब्द लागेना. ती मान किंचित तिरकी करून ऐकत होती. ‘नऊ. शेवट.’ पुढची. ‘हे तुटलंय.’ पुढची. ‘आठ, लोकसंख्येचा तक्ता. काकू यात दोनदा अडखळल्या, दुसरी असेल चांगली.’ बायको शेजारी बसून फाइलींना नावं देऊ लागली. फोनवर रोज असंच ऐकते, साध्या वेगाने ऐकत बसले तर तीन वर्षांचा अभ्यास सहा वर्षांत होईल, असं ती मुलगी मला म्हणाली. मी पुस्तक उघडून दोघींच्या मागे उभा होतो. पानं उलटायलाही मला वेळ पुरत नव्हता. शेवटी पुस्तक मिटलं आणि चहा टाकायला गेलो.

चहा घेऊन आलो तर खोलीत साधा वेग चालू होता. माझाच आवाज.

‘घसरगुंडी म्हण. जिना नको म्हणूस.’

मग बायकोचा: ‘का? डावीकडून उजवीकडे खाली उतरतो ना? जिना उतरतो तसा.’

‘जिन्याला पायऱ्या असतात. इथे पायऱ्या नाहीत. किंमत जराशी खाली आली की मागणी जराशी वाढते, मध्ये कुठे थांबत नाही.’

‘मग किंमत खाली येते आणि मागणी वाढते, तर रेघ वर जायला नको का?’

‘तू उभं काय आणि आडवं काय ते आधी ठरव. किंमत उभी आहे.’

‘तुम्ही पण उभे आहात मघापासून. बसा जरा. आणि दूध बघा, उतू चाललंय.’

पुढे माझी पावलं, भांड्याचा आवाज, आणि लांबून मी: ‘गेलं!’

बायको हसत सुटली. मी ट्रे खाली ठेवला. ‘हे काढून टाक. कचरा आहे हा.’

‘नका काढू,’ मुलगी म्हणाली. ‘ही ठेवा, काकू.’

‘अगं, भांडण आहे ते.’

‘तुम्ही जी चांगली केली होती ना, ती मी आत्ताच ऐकली. मागणी वक्र डावीकडून उजवीकडे खाली उतरतो. बरोबर आहे. मागल्या खेपेला पेपरात माझ्यासाठी लिहायला लेखनिक पोरगी होती, तिला मी हेच वाक्य सांगितलं. मग ती विचारून राहिली, कुठून सुरू करू, किती उतरवू, सरळ की वाकडी. मला सांगताच नाही आलं. मी कधी रेघ पाहिली आहे का? उभी कोण आणि आडवी कोण, हे मला आज कळलं.’

आम्ही महिनोन् महिने तिच्यासाठी स्वच्छ, निर्दोष वाक्यं तयार केली होती. ती वाक्यं पुस्तकातलीच होती, डोळस माणसाने डोळस माणसासाठी लिहिलेली. आलेख समोर नसलेल्या माणसाला तो सांगायची आमची जी धडपड होती, ती सगळी आम्ही चूक म्हणून पुसत आलो होतो.

मग तिनेच सांगितलं, आलेख असतील तिथे अशा टाकलेल्या फाइलीही शोधा. काहींत नुसता खोकला निघाला, काहींत खालून गेलेला भंगारवाला. पण काहींत आम्ही होतो, एकमेकांना समजावत, चिडत. ती दोन दिवस आमच्याकडेच राहिली आणि तेवढ्यात त्या दोघींनी बहुतेक पुस्तक लावून काढलं. दहावं प्रकरण मात्र आलंच नाही. नवं विंडोज बहुधा त्याच्यावरच बसलं. ते आम्ही तिला समोर बसवून वाचलं. ती दर वाक्याला थांबवून विचारायची, ‘काका, आधी तक्ता केवढा आहे ते सांगा. मग आत शिरा.’ मी तिच्या तळहातावर बोटाने ओळी आणि रकाने आखून दाखवले. त्या दुपारचं ध्वनिमुद्रण करायचं आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात राहिलं नाही.

जाताना तिने सगळ्या फाइली फोनवर घेतल्या. त्यातली एकही मी पूर्ण तपासलेली नव्हती. मी तसं स्पष्ट सांगितलं. ‘आकड्यांची खात्री मी देऊ शकत नाही.’

‘हो जी,’ ती म्हणाली आणि फोन पर्समध्ये ठेवला.

ती गेल्यावर बायको आडवी झाली, घसा पार गेला होता. मी पुस्तक आणि हेडफोन घेऊन बसलो. बरोबर म्हणून लावलेल्या फाइली आता ओळीने ऐकता येत होत्या. सातव्या प्रकरणात राष्ट्रीय उत्पन्नात कुठल्या क्षेत्राचा किती टक्के वाटा, असा एक तक्ता आहे. माझाच आवाज होता. उद्योगाच्या ओळीत छापलं होतं एकोणतीस, मी वाचलं होतं सत्तावीस. पुन्हा ऐकलं. सत्तावीस. अशी चूक झाली असणार ही भीती होतीच, आणि नेमकी माझ्याच तोंडून झाली होती.

मी लगेच फोन लावला. ती अजून बसमध्ये होती. मागे कंडक्टर ओरडत होता. मी म्हणालो, ‘सातवं प्रकरण. टक्केवारीचा तक्ता.’

‘तो ऐकला ना मी आत्ताच. दोन कमी भरून राहिलेत त्यात, काका. दोनदा बेरीज केली, अठ्ठ्याण्णवच येते.’

‘उद्योगाची ओळ. एकोणतीस पाहिजे. मी सत्तावीस वाचलंय.’

‘असं होय. मला कमी आहेत ते कळलं होतं, कोणत्या ओळीत ते कळत नव्हतं.’ तिने मनात पुन्हा बेरीज केली असावी. ‘हो. भरले.’ मग विचारलं, ‘तुम्ही बाकीचं पण तपासून राहिले का?’

‘हो.’

‘मग असेच फोन करत जा. मी पुढे ऐकत राहते, तुम्ही मागून या.’

पेपरापर्यंत आमचं तसंच चाललं. ती पुढे आणि मी एखाद्या प्रकरणाने मागे. चूक सापडली की फोन. फार सापडल्या नाहीत. ज्या सापडल्या, त्यातल्या काही तिला आधीच खटकल्या होत्या आणि काही अजिबात नव्हत्या. जिथे बेरीज भरत नसते तिथे ती पकडायची, पण साल किंवा नुसता एकटा आकडा चुकला की तिला कळायला मार्ग नव्हता. म्हणून एकही फाइल मी सोडली नाही. फरक एवढाच, की आता माझं काम संपेपर्यंत तिचं अडून राहत नव्हतं.

पेपराच्या दुपारी तिचा फोन आला, तेव्हा माझी अकराव्या प्रकरणाची चार पानं राहिली होती. ती म्हणाली, पूर्ण लिहिला, एकही प्रश्न सोडला नाही. बायकोने घसा साफ करत दहा गोष्टी विचारल्या. मग फोन माझ्याकडे दिला.

‘काका, निकालाला वेळ आहे,’ ती म्हणाली, ‘पण पुढल्या वर्षीच्या पोरींना हेच पुस्तक आहे. मी त्यांना या फाइली देऊ का?’

‘चार पानं थांब,’ मी म्हणालो.

ती हसली. मी हेडफोन पुन्हा कानाला लावले.